थर्मोस्टॅट काढला की गाडी तापत नाही?

एप्रिलात पारा चाळिशीपार गेला की सोलापुरात हा सल्ला हमखास मिळतो: "थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाका, आपल्या उन्हात त्याची गरजच काय?" काढल्यावर तापमानाचा काटा बऱ्याचदा खाली येतो, म्हणून समज टिकून आहे.

थर्मोस्टॅट ऊन बघत नाही, कूलंट (इंजिनात फिरून ते थंड ठेवणारा द्रव) किती गरम आहे ते बघतो. त्याच्या डबीतलं मेण बऱ्याच गाड्यांत 82 ते 88 अंशांच्या आसपास वितळून फुगतं, दांडा सरकतो आणि कूलंटला रेडिएटरची, म्हणजे त्याला निववणाऱ्या जाळीची, वाट मिळते. बाहेरचे 43 अंश म्हणजे इंजिनाच्या हिशेबाने थंडीच. व्हॉल्व्ह नसला की इंजिन उशिरा गरम होतं, पेट्रोल जास्त जातं, थोडं ऑइलमध्येही उतरतं, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत हाच व्हॉल्व्ह उघडताना बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करतो. तो काढला की काही कूलंट रेडिएटरला वळसा घालून गरमच परततं. म्हणजे चढावर गाडी उलट जास्त तापायची!

मग काटा का उतरला? व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला असेल, तर उतरणारच. फिटरचं निदान बरोबर, नवा टाकायचा तेवढा राहिला.

हाताच्या अनुभवाला मी नावं ठेवत नाही. उत्तम चाचणी तर पातेल्यातच होते: व्हॉल्व्ह दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवा, थर्मामीटर घाला, गॅस पेटवा. व्हॉल्व्हवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडला, तर तो निर्दोष. मग रेडिएटरचं झाकण, पंखा आणि बोअरच्या पाण्याच्या क्षाराने चोंदलेल्या नळ्या बघा.