नाक्यावरची घालमेल शरीरात कुठे साठते?

लॉस एंजेलिस असो की ह्यूस्टन, सकाळी सहाच्या सुमारास बांधकाम साहित्याच्या एखाद्या मोठ्या दुकानाबाहेर टोपी घातलेले पुरुष घोळक्याने उभे दिसतात. पिकअप गाडीचा वेग जरा कमी झाला की सगळे तिकडे धावतात. चालक दोन बोटे दाखवतो, दोघे मागे चढतात, उरलेले पुन्हा फुटपाथवर. मेक्सिको, ग्वातेमाला, होंडुरासहून आलेले हे मजूर स्वतःला स्पॅनिशमध्ये ‘होर्नालेरो’ म्हणवतात. ‘होर्नाल’ म्हणजे एका दिवसाची मजुरी; आपल्या ‘रोज’चा ‘रोजंदार’ झाला तसाच हा शब्द. उभे राहण्याच्या जागेला ते ‘एस्किना’ म्हणजे कोपरा म्हणतात. आपल्याकडचा मजूर नाकाच तो.

2004 साली या मजुरांची देशव्यापी पाहणी झाली. 264 ठिकाणी 2,660 जणांना प्रश्न विचारले आणि 2006 मध्ये अहवाल आला. कोणत्याही एका दिवशी अमेरिकेत असे सुमारे 1,17,600 मजूर काम करत किंवा शोधत होते. आधीच्या दोन महिन्यांत जवळजवळ निम्म्यांची मजुरी एकदा तरी बुडाली होती. वर्षभरात पाचातल्या एकाला कामावर इजा झाली होती. चांगल्या महिन्यात 1,400 डॉलर, वाईट महिन्यात 500. चौघांतल्या तिघांकडे राहण्याची कागदपत्रे नव्हती. आकडे वीस वर्षांपूर्वीचे आहेत, पण कोपऱ्यावरचा व्यवहार अजून तसाच चालतो.

यात शरीराला सर्वांत महाग काय पडते? आपण चटकन ‘कष्ट’ म्हणू. आमच्या मते उत्तर आहे ‘काही सांगता न येणे’.

1970 च्या आसपास न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जे वाइस यांनी उंदरांच्या शेपट्यांना एकाच तारेतून विजेचे सारखेच धक्के दिले. फरक एवढाच की एका उंदराला धक्क्याआधी सूचनेचा आवाज ऐकू येई, दुसऱ्याला आवाज आणि धक्का यांचा काही मेळ लागत नसे. या दुसऱ्याच्या जठरात कितीतरी जास्त व्रण झाले. पहिल्याला आवाज नसताना निर्धास्त राहता येत होते. दुसऱ्याला निर्धास्त असा क्षणच नव्हता.

माणसातही धोका वाटला की मेंदूतून त्याच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला आणि तिथून मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, आणि कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक रक्तात उतरते. साखर वाढते, पचन आणि दुरुस्तीची कामे मागे पडतात. एरवी हे कॉर्टिसॉल जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते आणि रात्रीपर्यंत उतरत जाते. काम मिळेल का, पैसे मिळतील का, पोलिसांची गाडी थांबेल का, हा घोर महिनोन्‌महिने राहिला की काहींमध्ये हा उतार सपाट होऊ लागतो. रक्तदाब, कमरेचा घेर, साखर थोडी थोडी सरकते. या साठत गेलेल्या झिजेला शास्त्रज्ञ ब्रूस मॅकईवेन आणि एलियट स्टेलर यांनी 1993 मध्ये ‘ॲलोस्टॅटिक लोड’ हे नाव दिले.

ही झीज मोजणे कागदावर सोपे वाटते, कोपऱ्यावर मात्र सतावते. लाळेतले कॉर्टिसॉल मोजायचे तर पहिला नमुना डोळे उघडताच, दुसरा अर्ध्या तासाने, शेवटचा झोपताना घ्यावा लागतो, आणि सकाळचे दोन होईपर्यंत ना चहा-कॉफी, ना दात घासणे. पहाटे साडेचारला एका खोलीत सहा जण उठतात तिथे पहिली नळी पंधरा मिनिटे उशिरा भरली तरी चढाचा आरंभ हुकतो आणि आलेख फसवा येतो. केसांतून मोजले तर डोक्याच्या मागच्या बाजूचे, कातडीलगत कापलेले तीन सेंटिमीटर केस साधारण तीन महिन्यांचा हिशेब देतात. पण बहुतेकांचे केस बारीक कापलेले, आणि ऊन व धुणे यांनी केसांतले कॉर्टिसॉल कमी होते. घामाचा परिणाम वेगळाच. रक्तदाबाचीही तीच गत. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, आधी अर्धा तास कॉफी नको. फुटपाथवर उभ्या-उभ्या, तेही पिकअप दिसत असताना घेतलेला आकडा निकामी.

‘दिवसभर अंगमेहनत म्हणजे आपोआप व्यायाम’ हाही भ्रमच. फिरायला गेल्यावर नाडी थोडा वेळ वाढते आणि मग विसावा मिळतो. आठ तास सिमेंटच्या गोण्या उचलताना नाडी आणि रक्तदाब दिवसभर चढेच राहतात. त्यात पाणी कमी पडले की हृदयावर आणखी ताण. उन्हात दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर पाणी हवे. त्या पाहणीत मात्र 44 टक्के मजुरांना कामावर पाणी, जेवण किंवा सुट्टी नाकारली गेल्याचा अनुभव होता.

या मजुरांना ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ असे विचारले तर बहुधा नकारच येतो. ‘देसेस्पेरासिओन’ हा स्पॅनिश शब्द मात्र लगेच ओळखला जातो. त्यात हताशाही आहे आणि तगमगही. प्रश्नावली करणाऱ्याने हे शब्द आधी शिकावेत.

उपाय म्हटला की श्वसनाचे व्यायाम सुचवले जातात. ते वाईट नाहीत, पण उंदराला बेचैन करत होता तो बेभरवसा, आणि त्यावर काही शहरांतल्या मजूर केंद्रांनी साधा तोडगा काढला आहे. सकाळी नावे लिहायची, चिठ्ठ्या टाकून किंवा यादीने क्रम लावायचा, किमान दर आधीच फळ्यावर. नेणाऱ्याचे नाव आणि गाडीचा क्रमांक वहीत. चिठ्ठी लागली नाही तर माणूस इंग्रजीच्या वर्गात बसतो किंवा घरी जातो, गाडीमागे धावत नाही.

जिथे केंद्र नाही तिथे हीच वही खिशात ठेवता येते: तारीख, कामाचा पत्ता, सुरू झाल्याची व संपल्याची वेळ, ठरलेला दर, गाडीची नंबरप्लेट. केलेल्या कामाची किमान मजुरी अमेरिकेच्या कायद्याने कागदपत्रे नसलेल्यालाही मागता येते, आणि तेव्हा अशी नोंद पुरावा म्हणून कामी येते. ती त्याच दिवशी करावी. आठवड्याने आठवून लिहिलेल्या तासांवर मालक पहिला वाद घालतो.