सायकलस्वारासाठी रस्ता किती सुरक्षित? मोजमापाची पार्श्वभूमी

३० मे १८९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका मोटारीने सायकलवरून चाललेल्या महिलेला धडक दिली. तिचा पाय मोडला, चालकाला रात्र कोठडीत काढावी लागली. अमेरिकेतल्या मोटार अपघातांच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. रस्ता किती सुरक्षित हे ठरवण्याची रीतही पुढे अशा नोंदींवरच उभी राहिली: पोलिसांच्या दफ्तरी किती अपघात, किती मृत्यू.

या रीतीत मोठी खोट आहे. भीतीपोटी सायकलवाल्यांनी ज्या रस्त्याकडे पाठ फिरवली, तिथे अपघात होतच नाहीत आणि कागदावर तो रस्ता निर्धोक ठरतो. उलट जिथून रोज शेकडो सायकली जातात, तिथे चार-दोन अपघात झाले की तो रस्ता बदनाम. किती जणांनी किती अंतर सायकल चालवली हे कळल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही, आणि नेमकी हीच मोजणी बहुतेक ठिकाणी होत नाही. शिवाय गाडीच्या आरशाचा धक्का लागून पडलेला, कपडे झटकून पुढे गेलेला माणूस पोलिसांत जातोच कुठे?

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक लोक मेले, त्यांत चारशेच्या वर मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. पुढे तिथल्या नियोजनकारांनी प्रश्नच बदलला: वाहनांची संख्या आणि वेग किती असेपर्यंत सायकल त्यांच्यात मिसळू द्यायची, आणि कुठून पुढे तिला वेगळी वाट द्यायची? या सगळ्या इतिहासाला खरी कलाटणी इथे मिळाली, असे मला वाटते. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. त्यापुढे सायकलस्वाराचे कौशल्य फार पुरत नाही.

अमेरिकेत मात्र वाद वेगळ्या दिशेने गेला. केनेथ क्रॉस आणि गॅरी फिशर यांच्या १९७७ च्या अभ्यासात दिसले, की बहुतेक टकरी चौकात, वळणावर, समोरून आडवे आल्याने होतात; मागून येऊन धडकणारी गाडी त्या मानाने क्वचित. त्यावरून जॉन फॉरेस्टर यांच्यासारख्या सायकल-प्रचारकांनी सायकलस्वाराने मोटारीसारखेच लेनमध्ये चालावे, असा आग्रह धरला. पण त्याच अभ्यासात मृत्यूंमध्ये मागून बसलेल्या धडकांचा वाटा बराच मोठा होता. लोकांना पाठीमागच्या गाडीची वाटणारी भीती अडाणी नव्हती.

ही भीती मोजायचे काम नव्वदच्या दशकात जोमाने सुरू झाले. संशोधक ब्रूस लँडिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या टॅम्पा शहरात सुमारे दीडशे सायकलस्वारांना ऐन रहदारीत पाठवले आणि प्रत्येक टप्प्यानंतर तो तुकडा किती सुरक्षित वाटला याची श्रेणी द्यायला लावली. १९९७ साली त्यातून अशी श्रेणी काढण्याचे सूत्र निघाले, त्यातले घटक असे: वाहनांची संख्या, त्यांचा वेग, अवजड वाहनांचे प्रमाण, रस्त्याची रुंदी आणि डांबराची अवस्था. खड्डा चुकवताना सायकल बाजूला सरकते, म्हणून डांबरही हिशेबात हवेच.

ब्रिटनमध्ये संशोधक इयन वॉकर यांनी सायकलला अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा) सेन्सर लावून ओव्हरटेक करणाऱ्या दोन हजारांहून अधिक गाड्यांचे अंतर टिपले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या नोंदींत बस आणि ट्रक मोटारींपेक्षा जवळून गेलेले दिसले. अपघात न होताही धोका आकड्यात पकडता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

२०१२ साली संशोधक पीटर फर्थ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सॅन होजे शहरातल्या रस्त्यांना सायकलस्वाराला येणाऱ्या ताणानुसार चार पातळ्या दिल्या. पहिली लहान मुलांनाही झेपेल अशी. त्यांचा नियम कडक होता: मार्गाची पातळी त्यातल्या सर्वांत वाईट तुकड्यावरून ठरेल, सरासरीवरून नाही. तसा नकाशा काढल्यावर शांत गल्ल्या भरपूर दिसल्या, पण मधल्या रुंद, वेगवान रस्त्यांमुळे त्या एकमेकींपासून तुटलेल्या होत्या.