निरोपाचा प्रवेश ठेवायचा की गाळायचा?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गणेशोत्सवासाठी यंदा जे कुमारनाट्य बसतंय, त्यात वसतिगृहातला एक मुलगा परवानगी न घेता बाहेर पडतो आणि किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाच्या तळघरात अडकतो. तिथे त्याची गाठ पडते औरंगजेबाच्या धाकट्या भावाशी, कैदेतल्या शाहजादा मुरादबख्शशी. मुलगा काल्पनिक आहे, पण मुरादचा पळून जायचा प्रयत्न काल्पनिक नाही, आणि तालमीत वाद चाललाय तो त्यावरच.

मानमंदिर ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर याच्या वेळचं. खालच्या गोल खोल्या उन्हाळ्यात गारव्याला बसण्यासाठी बांधलेल्या. मुघल काळात त्यांच्या कोठड्या झाल्या. गादीच्या वाटेत येणारे भाऊ-पुतणे इथे रवाना होत. औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा शुकोह, त्याच्या थोरल्या मुलाला रोज अफूच्या बोंडांचं पाणी पाजून खंगवलं, तो १६६२ साली इथेच गेला.

मुरादला १६५९ च्या सुरुवातीला ग्वाल्हेरला आणलं. त्याच्या माणसांनी तटाला दोराची शिडी लावली. निघण्यापूर्वी तो आपल्या लाडक्या सरस्वतीबाईचा निरोप घ्यायला गेला, तिने हंबरडा फोडला, पहारेकरी जागे झाले आणि शिडी सापडली. मग खुनाचं एक जुनं प्रकरण उकरून डिसेंबर १६६१ मध्ये त्याला मारण्यात आलं.

हा निरोप गाळावा, असं तालमीतल्या काही जाणत्यांचं म्हणणं आहे. आग्र्याहून सुटका ऐकत वाढलेल्या आपल्या पोरांना ऐन वेळी मागे फिरणारा नायक पटायचा नाही, म्हणून मुरादला सरळ शिडीवरून उतरवावा. मला हे अजिबात मान्य नाही. १६६६ साली आग्र्यालासुद्धा महाराजांच्या पलंगावर हिरोजी फर्जंद निजून राहिला होता, हे आपणच मुलांना सांगतो ना! एक सुटतो तेव्हा मागे कोणीतरी उरतं, हे मुलांना कळतं. ग्वाल्हेरच्या किल्ल्याची सगळ्यात मोठी सुटका तर याच मुद्द्यावर उभी आहे. जहांगीरने कैदेत टाकलेल्या शिखांच्या सहाव्या गुरूंना सोडायचं ठरलं, तेव्हा ते एकटे बाहेर पडायला तयार झाले नाहीत. शीख परंपरा सांगते, की त्यांच्या झग्याला धरून कैदेतले ५२ राजे बाहेर आले. या किल्ल्यावरच्या नाटकातून निरोपच काढला, तर उरेल ती कोणत्याही किल्ल्यावर घडू शकणारी पळापळ.

शिड्यांचा थरारच हवा असेल तर ३ ऑगस्ट १७८० ची रात्र आहे. इंग्रजांची तुकडी पायांचा आवाज होऊ नये म्हणून कापूस भरलेल्या वहाणा घालून कडा चढली. फक्त त्या रात्री आत गाफील राहिलेले पहारेकरी आपले, शिंद्यांचे होते. तो प्रवेश लिहायला अजून कोणी पुढे आलेलं नाही. किल्ला महादजींनी काही वर्षांत परत मिळवला, १८५८ नंतर तो पुन्हा इंग्रजांकडे गेला आणि १८८६ साली झाशीच्या बदल्यात शिंद्यांकडे आला.

१८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी निघालेली निवासी शाळा पुढे याच किल्ल्यावर आली. नाटकातलं वसतिगृह तिच्यावरूनच सुचलेलं. तिथला मुलगा मुरादला दोन प्रश्न विचारतो: शिडी कुठे बांधलीय, आणि तुमच्याबरोबर कोण येणार? निरोप गाळला तर दुसरा प्रश्नही जाईल. भूमिका करणाऱ्या पोराला तोच जास्त आवडलाय.