रुग्णाच्या उशाशी कोण? भुलीच्या सुरक्षेची पार्श्वभूमी

चोपडा, अमळनेर, शहादा अशा तालुक्याच्या गावांतील लहान रुग्णालयांत भुलीचे डॉक्टर बहुधा पाहुणे असतात. एका ठिकाणची शस्त्रक्रिया आटोपली की ते पुढच्या ठिकाणी निघतात, आणि अर्धवट शुद्धीत असलेल्या रुग्णाच्या उशाशी उरते ती सिस्टर. भूल देण्याचा स्वतंत्र अधिकार आपल्याकडे परिचारिकेला नाही. भूल उतरेपर्यंतची राखण मात्र तिच्याकडेच असते. अधिकार एकाकडे आणि राखण दुसऱ्याकडे, ही फारकत कशी पडत गेली हे पाहायचे तर पार आरंभापर्यंत मागे जावे लागते.

16 ऑक्टोबर 1846 रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक घडवले, आणि 1847 च्या मार्चमध्ये कलकत्त्यातही ईथरचा वापर झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिनबर्गच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म पुढे आणले. उष्ण मुलखाला ते अधिक सोयीचे होते. ईथर साधारण 35 अंश सेल्सिअसला उकळते, तर जळगाव-भुसावळकडचा वैशाखातला पारा 40 च्या वर सहज जातो. अशा हवेत तोंडावरच्या जाळीवर थेंब थेंब टाकलेले ईथर रुग्णाच्या छातीत जाण्याआधीच उडून जाणार, शिवाय ते पेट घेणारे, आणि शस्त्रक्रियेला उजेड मात्र कंदिलाचा. क्लोरोफॉर्म 61 अंशांना उकळते आणि ईथरसारखे भडकत नाही. पण त्याचा धोका वेगळाच होता. 28 जानेवारी 1848 रोजी इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिल्यावर काही मिनिटांत मरण पावली. भुलीच्या सुरक्षेचा विचार खऱ्या अर्थाने या मृत्यूपासून सुरू झाला.

पुढची चाळीस-पन्नास वर्षे एकाच प्रश्नावर वाद चालला: भूल देणाऱ्याने लक्ष कशावर ठेवायचे, श्वासावर की नाडीवर? एडिनबर्गकडची मंडळी श्वास पाहा म्हणत, लंडनकडची नाडीवरचे बोट काढू नका म्हणत. या वादाचा एक मोठा अंक आपल्या शेजारी, निजामाच्या राज्यात घडला. हैदराबादचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांनी निजामाच्या खर्चाने 1888 आणि 1889 मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग चालवले आणि शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वास सांभाळला की पुरे. हा निष्कर्ष अपुरा होता. क्लोरोफॉर्मची हलकी भूल असतानाही हृदयाची लय एकाएकी बिघडून ते बंद पडू शकते, हे ए. जी. लेव्ही यांनी 1911 मध्ये दाखवले. लॉरींचा दोष आत्मविश्वासाचा होता, कष्टांचा नव्हे, आणि भुलीच्या इतिहासात हा दोष पुन्हा पुन्हा भेटतो.

अमेरिकेत याच काळात दुसरीच घडी बसत होती. तेथे भूल देण्याचे काम शिकाऊ डॉक्टरांकडे असे, आणि त्यांचे लक्ष रुग्णाच्या चेहऱ्यापेक्षा शल्यचिकित्सकाच्या हाताकडे लागलेले असे, कारण त्यांना शिकायचे होते ते शस्त्रक्रियेचे कसब. यावर उपाय म्हणून शल्यचिकित्सकांनीच परिचारिकांना उशाशी बसवले. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथे सिस्टर मेरी बर्नार्ड 1877 मध्ये हे काम करू लागल्या. मेयो बंधूंच्या रुग्णालयातील ॲलिस मगॉ यांनी 1906 मध्ये 14,000 हून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यांत भुलीमुळे एकही मृत्यू ओढवला नसल्याचे नमूद केले. मगॉ रुग्णाशी हळूहळू बोलत राहत, ईथर बेताने टाकत आणि श्वास, नाडी व चेहऱ्याचा रंग यांवरून नजर हलू देत नसत. वरच्या वादातल्या दोन्ही बाजू त्यांनी कामातून एकत्र आणल्या, असे म्हणायला हरकत नाही. डॉक्टरांच्या संघटनांनी याला आव्हान दिले तेव्हा केंटकीत 1917 मध्ये आणि कॅलिफोर्नियात 1936 मध्ये न्यायालयांनी परिचारिकांच्या बाजूने कौल दिला. वाद अजून मिटलेला नाही. भूल देणारा डॉक्टर असला की परिचारिका असली, यांत कोण अधिक सुरक्षित याचे ठाम उत्तर उपलब्ध पुराव्यावरून देता येत नाही, असेच 2014 च्या कॉक्रेन आढाव्याने, म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या अहवालाने, म्हटले.

भारताने वाट धरली ती इंग्लंडची, म्हणजे डॉक्टरच भूल देणार ही. भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना 1947 मध्ये उभी राहिली. तज्ज्ञ मात्र मोठ्या शहरांतच राहिले, आणि सातपुड्याच्या कुशीतल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या अडलेल्या बाळंतिणीला धुळे किंवा सुरत गाठण्यावाचून गत्यंतर नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना 18 आठवड्यांचे जीवरक्षक भूल प्रशिक्षण देण्याची योजना आणली. परिचारिकेला ते काम देण्याचा रस्ता धरला नाही. जळगावला 2018 मध्ये आणि नंदुरबारला 2020 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, त्यामुळे अंतर थोडे कमी झाले आहे.

अपघात नेमके कोठे होतात, हे मोजण्याची सवय विसाव्या शतकात लागली. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये 44,016 गर्भवतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा भुलीत पोटातले अन्न वा आम्ल श्वासनलिकेत गेल्याच्या 66 घटना सापडल्या. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवण्याच्या नियमाला त्यातून बळ आले. बॉस्टनच्या जेफ्री कूपर यांनी 1978 मध्ये भुलीतील टाळता येण्याजोग्या घटनांची छाननी केली आणि 82 टक्क्यांच्या मुळाशी मानवी चूक आढळली. यंत्राची नळी निसटणे, एका औषधाची सुई समजून दुसरीच टोचणे, असल्या साध्या चुका. (मराठीत गुंगीलाही भूल म्हणतात आणि चुकीलाही.) हार्वर्डच्या रुग्णालयांची नियमावली 1986 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातील मुख्य अट यंत्राची नसून माणसाची होती: भूल चालू असताना ती देणाऱ्याने खोली सोडायची नाही. जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या 1970 च्या दशकातील कामातून आलेला, रक्तातला प्राणवायू बोटावरून मोजणारा ऑक्सिमीटरचा चिमटा मग जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी 2008 ची. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले. ही यादी मोठ्याने वाचण्याचे काम बहुतेक ठिकाणी परिचारिकाच करते.

खानदेशात या यादीला काही स्थानिक प्रश्न जोडावे लागतात, आणि ते बहुतेक सिस्टरच विचारते. नंदुरबारकडच्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आजार आढळतो. अशा रुग्णाला प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी घटले किंवा थिएटरच्या गारव्यात अंग थंड पडले तरी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवतात. म्हणून उपाशी ठेवताना लांबलेली तहान त्याला चालत नाही. दुसरा प्रश्न फवारणीचा. कापसावर फवारायच्या ऑर्गेनोफॉस्फरस औषधांनी रक्तातले एक विकर (एन्झाइम) निकामी होते, आणि सक्सामिथोनियम हे स्नायू सैल करणारे औषध त्याच विकरावर मोडत असल्यामुळे काही मिनिटांची शिथिलता तासांवर जाऊ शकते. तिसरा प्रश्न चहाचा. ‘काही खाल्ले नाही’ असे सांगणाऱ्याने सकाळचा दुधाचा चहा घेतलेला असतो, कारण चहाला कोणी खाणे धरत नाही. अहिराणीत किंवा पावरीत, घरच्यासारखे विचारले तरच खरे उत्तर मिळते, आणि ते डॉक्टरपेक्षा सिस्टरला आधी मिळते.

ते उत्तर वरपर्यंत पोचते का, हा खरा अडसर आहे. इंग्लंडमध्ये मार्च 2005 मध्ये एलेन ब्रोमिली यांना नाकाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली गेली आणि श्वासमार्गच मिळेना. एका परिचारिकेने गळ्याला छिद्र पाडून श्वास देण्याचे साहित्य आणून ठेवले, दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. डॉक्टर मात्र नळी घालण्याच्या प्रयत्नांतच गुंतून राहिले, आणि एलेन 13 दिवसांनी मरण पावल्या. त्यांचे पती मार्टिन हे वैमानिक. विमानात कनिष्ठाने वरिष्ठाला थांबवण्याची शिस्त शिकवली जाते, शस्त्रक्रियागृहात का नाही, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये या विषयाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. आपल्याकडे ‘सर’ म्हणून हाक मारणाऱ्या सिस्टरने ‘सर, थांबा’ म्हणावे, याची तालीम अजून क्वचितच होते.

शहाद्याच्या त्या पाहुण्या डॉक्टरांची गाडी तोवर गावाबाहेर गेलेली असते. जीभ मागे पडून घोरण्याचा आवाज वाढणे, पाठीतल्या इंजेक्शननंतर रक्तदाब उतरत जाणे, शिथिलतेचे औषध अंगात उरल्यामुळे श्वास उथळ राहणे, हे सारे या तासा-दोन तासांत घडू शकते. पाच सेकंद डोके उचलून धरता येते का, ही स्नायूंतली ताकद परतली का ते पाहण्याची जुनी चाचणी करायला सिस्टर रुग्णावर वाकते, बोटाचा चिमटा नीट करते, आणि आकडा 90 च्या खाली सरकताना दिसला तर कोणाच्या परवानगीची वाट न पाहता आधी हनुवटी वर उचलते, प्राणवायू सुरू करते, मग फोन लावते.