‘महत्त्वाकांक्षा असली की काम आपोआप सुधारतं’: खुलासा

नव्याने नोकरीला लागलेल्यांना ‘मोठं ध्येय ठेव, जमेल तेवढं उत्तम कर’ असं सांगतात. एवढ्याने भागत नाही. नेमकं आणि अवघड उद्दिष्ट दिल्यावर काम जास्त चांगलं होतं, हे मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८मध्येच मांडलं.

पण तेही हात बसलेल्या कामात! १९८९मध्ये कानफर आणि अ‍ॅकरमन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थींना विमान वाहतूक नियंत्रणाचं, खऱ्यासारखं बनवलेलं काम दिलं. शिकण्याच्या सुरुवातीलाच आकड्यांचं उद्दिष्ट मिळालेल्यांची कामगिरी घसरली. शिकण्यावरचं लक्ष आकड्यावर गेलं. म्हणून नव्या विक्रेत्याला लगेच ‘महिन्याला २० ग्राहक’ सांगू नका. ‘नकाराची ४ कारणं शोध, प्रत्येकावर उत्तर तयार कर’ असं सांगा. आकडा नंतर, आणि तो कुठवर आला हे दर आठवड्याला दाखवा.