कोड स्निपेटची देवाणघेवाण

लॉग (संगणकाने ठेवलेल्या नोंदी) चाळणे, फायलींची नावे एकगठ्ठा बदलणे, बॅकअप घेणे यांसारख्या वारंवार येणाऱ्या कामांसाठी लिहिलेले काही ओळींचे कोड, म्हणजे स्निपेट, आणि छोट्या स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फायली) एकमेकांना देण्याची प्रोग्रामरांमधील प्रथा. तिची मुळे युनिक्स या संगणक कार्यप्रणालीमध्ये आहेत. तेथे लहान आज्ञा पाइपने (एका आज्ञेचे उत्तर पुढच्या आज्ञेला देणाऱ्या जोडणीने) जोडून मोठे काम साधता येते. १९८६ मध्ये मजकुरातील सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधण्यासाठी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी अनेक पानी प्रोग्राम लिहिला, तेव्हा युनिक्समधील पाइपचे जनक डग मॅकिलरॉय यांनी त्याच्या परीक्षणात तेच काम सहा आज्ञांच्या साखळीत करून दाखवले. (क्नूथ यांना प्रोग्राम निबंधासारखा समजावत लिहिण्याची आपली पद्धती दाखवायची होती, त्यामुळे ही तुलना सांगितली जाते तितकी सरळ नाही.)

मजकूर चिकटवून त्याचा दुवा इतरांना देण्याचे संकेतस्थळ पेस्टबिन २००२ मध्ये, तर प्रोग्रामरांचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ स्टॅक ओव्हरफ्लो आणि कोड ठेवण्याचे संकेतस्थळ गिटहबची स्निपेटसाठीची सोय गिस्ट २००८ मध्ये सुरू झाले. प्रत्येक गिस्ट हे गिट या कोडमधील बदल नोंदवणाऱ्या साधनाचे स्वतंत्र भांडार असल्याने त्याचा बदलांचा इतिहास राहतो आणि त्याचा फोर्क (स्वतःची वेगळी प्रत) काढता येतो. 'सीक्रेट' गिस्ट मात्र खाजगी नसते. दुवा हाती लागलेला कोणीही ते वाचू शकतो, म्हणून त्यात पासवर्ड ठेवणे धोक्याचे असते.

स्निपेट सहज पसरते, पण त्यातील दुरुस्ती त्याच्यामागे जात नाही, हा या प्रथेचा खरा दोष होय. बाइटची संख्या वाचनीय रूपात (केबी, एमबी अशा एककांत) दाखवणारे जावा या प्रोग्रामिंग भाषेतील एक स्निपेट २०१० मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोवर आले आणि हजारो ठिकाणी उतरवले गेले. ते आधी एकक ठरवत असे आणि मग आकडा एका दशांश स्थळापर्यंत जवळच्या आकड्यावर आणत असे. परिणामी ९,९९,९९९ बाइटसाठी '१.० एमबी'ऐवजी '१०००.० केबी' असे उत्तर येई. मूळ लेखकाने २०१९ मध्ये चूक सुधारली, तरी आधीच्या प्रती तशाच राहिल्या. स्टॅक ओव्हरफ्लोवरील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश मागणाऱ्या परवान्याखाली असतो, पण उतरवणारे बहुतेक जण श्रेय देत नाहीत.

शेल, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याचा प्रोग्राम, याच्या स्क्रिप्टमध्ये धोका अधिक असतो. फोल्डरचे नाव ज्या व्हेरिएबलमधून (मूल्य साठवणाऱ्या नावातून) यायचे ते रिकामे राहिले, तर त्याच्यापुढे तिरकी रेघ व तारका लिहिलेली 'आरएम -आरएफ' ही (फोल्डर आतल्या फायलींसह पुसण्याची) आज्ञा थेट मुळापासून, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डरपासून, फायली पुसू लागते. म्हणून अनुभवी प्रोग्रामर स्क्रिप्टच्या आरंभी 'सेट -यू' लिहितात, ज्यामुळे मूल्यच न दिलेले व्हेरिएबल आढळताच स्क्रिप्ट थांबते. पण मूल्य दिलेले असून ते रिकामे असेल, तर हा उपाय चालत नाही. शेलचेक हे साधन अशा आज्ञा चालवण्याआधीच दाखवून देते.