साखळी क्रमांक ०/००

गावरस्त्याच्या निविदेत आजही ‘साखळी क्रमांक ०/०० ते ३/५००’ असं छापून येतं, म्हणजे सुरुवातीपासून ३ किलोमीटर ५०० मीटरपर्यंत. साखळी ओढणारा खलाशी, म्हणजे मोजणीचा मदतनीस, मात्र आता रस्त्यावर दिसत नाही. मोजते ती जीप. चाकाजवळच्या सेन्सरमधून दर फेरीला ठरावीक पल्स (विजेचे ठोके) येतात आणि डॅशबोर्डावरच्या डब्यात मीटर पळत राहतात. या डब्याला अंतर कळतच नाही, फक्त फेऱ्या कळतात. एका फेरीत किती जमीन मागे पडली, ते त्याला आपणच सांगायचं असतं; यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

चाकाने वाट मोजायची युक्ती फार जुनी. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातच अशी गाडी वर्णन केली आहे: चाकाच्या ४०० फेऱ्या झाल्या की एक मैल, आणि दर मैलाला भांड्यात एक खडा टपकणार. कंपनी सरकारच्या सर्वेक्षकांनी आपल्याकडे ढकलायचं एकचाकी पेरॅम्ब्युलेटर वापरलं. वाटा मोजायला ते पुरत असे. नकाशाचा पाया घालायला नव्हे, कारण चाक नाल्यात उतरतं, ढेकळावर चढतं आणि तेही सगळं अंतरात धरतं.

पाया घातला तो साखळीने. भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात करणाऱ्या विल्यम लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ साडेसात मैलांची आधाररेषा, म्हणजे पुढची सगळी अंतरं जिच्यावरून काढायची ती रेषा, मोजायला घेतली. साखळी पोलादी, १०० फुटांची, अडीच फुटांच्या ४० कड्यांची. (ती मुळात चीनच्या बादशहाच्या नजराण्यातली, त्याने नाकारली म्हणून इकडे आली.) उन्हाने पोलाद वाढतं, म्हणून ती तंबूच्या सावलीत, लाकडी पेट्यांत ठेवून मोजायची आणि तापमापक वाचून दुरुस्ती करायची. एवढ्या रेषेला ५७ दिवस लागले. याच सर्वेक्षणाच्या कामावर हैदराबादेहून नागपूरकडे येताना, २० जानेवारी १८२३ रोजी, लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. कापसाच्या गाड्या घेऊन त्या गावात जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल!

मैलाचे किलोमीटर झाले ते १९५६ च्या मापन कायद्यानंतर. पुढे रस्त्याचा खडबडीतपणा मोजणारा, ताशी ३२ किलोमीटरने ओढायचा बंप इंटिग्रेटर आला. त्याचंही अंतर चाकाच्या फेऱ्यांवरूनच निघतं. मग जीपीएस. उघड्या माळावर तो ठीक चालतो. मेळघाटच्या झाडीत आणि वळणांवर मात्र कोपरे कापतो.

म्हणून कॅलिब्रेशनची रीत आजही लॅम्बटनचीच. सपाट, सरळ रस्त्यावर पोलादी टेपने एक किलोमीटर मोजायचा, दोन्ही टोकांना रंगाची रेघ मारायची. टेप २० अंशांना प्रमाणित असते. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत ३० मीटरची टेप सुमारे ९ मिलिमीटरने वाढते, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे सव्वा वीत. मोजणी पहाटे उरकलेली बरी. मग टायर गरम होईपर्यंत जीप पळवायची, हवा तपासायची, रोज जेवढी माणसं नि सामान असतं तेवढंच ठेवायचं आणि रेघेवरून रेघेपर्यंत चार-पाचदा जायचं. रेघेवर दर वेळी बंपरचा तोच बिंदू यायला हवा. सेन्सर शक्यतो इंजिन न फिरवणाऱ्या चाकावर असावा; फिरवणारं चाक चिखलात जागच्या जागी घसरतं आणि नसलेले मीटर भरतं.

खरा घोळ टायरचा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, बाद व्हायच्या वेळी दीड उरते. ३०० मिलिमीटर त्रिज्येवर हा फरक दोन टक्क्यांचा. एकदा आम्ही झिजल्या टायरवर कॅलिब्रेशन केलं, नंतर टायर बदलले आणि तसेच निघालो. साडेतीन किलोमीटरचा रस्ता ३,४३० मीटर भरला. कंत्राटदार म्हणाला, “साहेब, माझे सत्तर मीटर कुठं गेले?” भर दुपारी टेप काढावी लागली. पुन्हा आकडा घालेपर्यंत तो बांधावरच्या बाभळीखाली बसून होता, चहा मात्र त्यानेच पाजला.